चेंडूकडे नको, ९७ नंबरकडे बघा: कॉलेज फुटबॉलमधल्या बचावपटूची कारकीर्द कशी वाचायची

अमेरिकन फुटबॉलचा सामना टीव्हीवर बघताना कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि आपली नजर कॅमेऱ्याच्या मागे. त्यामुळे नवख्या माणसाचा समज होतो की हा खेळ चेंडू फेकणाऱ्याचा, झेलणाऱ्याचा आणि घेऊन पळणाऱ्याचा आहे. बचावाच्या फळीतला गडी दिसतो तो कुणाला तरी आडवं केल्यावर, दोन सेकंदांपुरता. मग त्याची चार वर्षांची कॉलेज कारकीर्द वाचायला घेतली की हातात येतात नुसते आकडे: इतके टॅकल, इतके सॅक. हे आकडे खोटे नसतात, पण बचावपटूच्या कामाचा मोठा भाग त्यांत येतच नाही.

हे समजून घ्यायला पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ॲरन डोनाल्डसारखं दुसरं उदाहरण नाही. २०१० ते २०१३ ही चार वर्षं तो तिथे ९७ नंबरचा शर्ट घालून खेळला. तो मूळचा पिट्सबर्गचाच. शाळा शहराला लागून असलेल्या पेन हिल्समधली. पुढे व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण इथे विषय आहे त्या आधीच्या चार वर्षांचा.

आधी खेळाचा सांगाडा. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. एक यार्ड म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, की नवे चार प्रयत्न; नाही जमलं, की चेंडू समोरच्यांचा. म्हणून बचाव करणाऱ्यांच्या दृष्टीने प्रत्येक यार्ड मोलाचा. पहिल्याच प्रयत्नात समोरच्याला तीन यार्ड मागे ढकललं, तर त्याला उरलेल्या तीन प्रयत्नांत तेरा यार्ड काढावे लागतात, आणि मग त्याला काय करायचंय ते सगळ्यांना आधीच कळतं: चेंडू लांब फेकायचाय. आक्रमणाचा डाव असा उघडा पडला की बचावपटूचं अर्धं काम झालेलंच असतं.

बचावाचे साधारण तीन थर असतात. पुढे फळी, मध्ये लाइनबॅकर, मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. फळीत चार गडी ठेवले तर बाहेरचे दोघे डिफेन्सिव्ह एंड आणि आतले दोघे डिफेन्सिव्ह टॅकल. इथे शब्दाचा घोळ होतो, तो आत्ताच मिटवू. ‘टॅकल’ म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं, आणि ‘टॅकल’ हे फळीतल्या एका जागेचं नावही. भर म्हणून आक्रमणाच्या फळीतही टॅकल नावाची जागा असते. या लेखात कृतीसाठी नुसता ‘टॅकल’ आहे आणि जागेसाठी ‘डिफेन्सिव्ह टॅकल’. डोनाल्ड डिफेन्सिव्ह टॅकल होता.

फटींचा हिशेब

आक्रमणाच्या फळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. पाच धिप्पाड माणसं शेजारी शेजारी उभी राहिली की त्यांच्यामध्ये फटी पडतात. सेंटर आणि गार्डमधली ‘ए’ फट, गार्ड आणि टॅकलमधली ‘बी’, टॅकलच्या बाहेरची ‘सी’. बचाव फळीतला गडी कुठे उभा राहणार, हे आकड्यांनी सांगतात. सेंटरच्या नाकासमोर शून्य, गार्डच्या समोरासमोर दोन, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच. प्रशिक्षक ‘थ्री टेक्निक’ म्हणतात तेव्हा त्यांचं बोलणं कौशल्याविषयी नसतं, या जागेविषयी असतं: गार्डचा बाहेरचा खांदा, समोर ‘बी’ फट.

डोनाल्डला नाव मिळालं ते याच जागेवर. शून्यावर उभा असलेला गडी बहुतेक वेळा दगडासारखा रोवून राहतो आणि दोन माणसं अंगावर घेतो; तिथे वजन लागतं. तीनवरच्या गड्याला समोरचा एकटा गार्ड मिळण्याची शक्यता जास्त, कारण सेंटर आतल्या बाजूला दूर असतो आणि बाहेरच्या टॅकलला डिफेन्सिव्ह एंड सांभाळायचा असतो. तिथे वजनापेक्षा पहिल्या पावलाचा वेग कामाला येतो. पिटमध्ये, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठात, डोनाल्डची उंची सहा फुटांच्या जेमतेम वर होती आणि वजन २८५ पौंडांच्या, म्हणजे १२९ किलोंच्या आसपास. आपल्याला हे वजन अचाट वाटेल, पण या जागेवरचे बरेच गडी ३०० पौंडांच्या पुढचे असतात. त्या हिशेबाने तो लहानखुराच.

एक प्रयत्न, अगदी जवळून

चेंडू सेंटरच्या हाताखाली आहे. तीनवरचा गडी एक हात जमिनीला टेकवून बसलाय. हा पवित्रा नीट बघा. भार तळहातावर नाही, बोटांच्या टोकांवर आहे. कंबर डोक्यापेक्षा थोडी वर, पाठ सपाट, मागच्या पायाची बोटं पुढच्या पायाच्या टाचेच्या रांगेत. नजर चेंडूवर; क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याकडे, नाही, गार्डच्या चेहऱ्याकडेही नाही. क्वार्टरबॅक जे ओरडतो त्याची लय आक्रमणाला माहीत असते, बचावाला नसते, आणि तो मुद्दाम सूर बदलून फसवतोही. आवाजावर उसळी घेतली तर ऑफसाइड, पाच यार्डांचा दंड. म्हणून नियम एकच: चेंडू हलला की हलायचं.

चेंडू हलतो. पहिलं पाऊल आखूड हवं, वीतभर, जमिनीला घासून. नवशिके इथेच चुकतात. जोर दाखवायला लांब ढांग टाकतात, आणि गार्ड येऊन धडकतो तेव्हा त्यांचा एक पाय हवेत असतो. हवेतल्या पायावर मागे ढकलला गेलेला माणूस सावरत नाही. दुसरं पाऊल गार्डच्या दुसऱ्या पावलाआधी पडलं पाहिजे. ते पडलं तर अर्धी झुंज जिंकलीच.

मग हात. अंगठे वर, कोपरं अंगाशी, पंजे गार्डच्या छातीच्या कवचावर आतल्या बाजूने. हात ज्याचे आत, त्याचा ताबा. गार्डलाही नेमकं हेच करायचं असतं, त्यामुळे खरी लढाई मनगटांची. गार्डचे हात येताना दिसले की खालून किंवा बाजूने फटका मारून ते उडवायचे आणि त्याच क्षणी पुढचा डाव टाकायचा. ‘रिप’मध्ये आपला दंड त्याच्या काखेखालून वर ओढून खांदा पार करायचा. ‘स्विम’मध्ये त्याच्या खांद्यावरून हात पलीकडे टाकायचा, पोहताना टाकतात तसा. ‘बुल रश’ म्हणजे थेट छातीत घुसून मागे रेटत नेणं. स्विम दिसायला देखणा, पण बरगड्या उघड्या पडतात. गार्डने तिथे हात घातला की गडी बाजूला फेकला जातो. बुटक्या गड्याला रिप जास्त मानवतो.

आणि हे सगळं चालतं खालून. खांद्यांची उंची, ज्याला तिथे ‘पॅड लेव्हल’ म्हणतात, तिच्यावर निकाल ठरतो. ज्याचे खांदे खाली, त्याचे पाय जमिनीत रुतलेले; ज्याचे वर, तो टाचांवर गेलेला. कुस्ती बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सहा फूट चार इंचांच्या गार्डला डोनाल्डच्या खाली जायला गुडघे खूप वाकवावे लागायचे, आणि त्याचं आखूड, वेगवान पहिलं पाऊल तेवढी सवड द्यायचं नाही. ज्या उंचीसाठी त्याला नाकं मुरडली गेली, तीच प्रत्येक प्रयत्नात त्याच्या कामी येत होती. याला तळघरातल्या व्यायामाची जोड होती. शाळकरी वयात पहाटे साडेचारला उठून घरातल्याच तळघरात वडिलांबरोबर वजनं उचलायची आणि मग शाळेला जायचं, हा त्याचा दिनक्रम होता.

हा सगळा प्रकार तीन सेकंदांच्या आत संपतो. सामन्यात असे साठ-सत्तर प्रयत्न होतात. १३० किलोंचं शरीर दर वेळी पूर्ण जोराने फेकायचं तर दम टिकत नाही, म्हणून फळीतले गडी आलटून-पालटून उतरवतात. आक्रमक संघ घाईघाईने प्रयत्नामागून प्रयत्न खेळतो त्यामागे हाही हेतू असतो. आक्रमणाने स्वतःचा खेळाडू बदलला तरच बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो. तो न बदलता रेषेवर लगेच उभा राहिला, तर दमलेला डिफेन्सिव्ह टॅकल मैदानातच अडकतो. चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात एखाद्याचा पवित्रा उंचावलेला दिसला, भार बोटांवरून गुडघ्यांवर आलेला दिसला, तर समजावं की हा आता पहिलं पाऊल हरणार.

आकड्यात न येणारं काम

एकटा गार्ड आवरेना, की आक्रमण दुसरा माणूस पाठवतं. सेंटर किंवा बाहेरचा टॅकल बाजूने येऊन धडकतो. आता तीनवरच्या गड्याचं काम बदलतं. ज्या बाजूने दुसरा आला, तिकडची कंबर खाली सोडायची, वेळ पडली तर गुडघा टेकायचा, पण जागा सोडायची नाही. तो तिथे दोघांना गुंतवून बसला की मागचा लाइनबॅकर मोकळा सुटतो आणि चेंडूवाल्याला पाडतो. टॅकल लाइनबॅकरच्या नावावर. ज्याने दोघं अडवले त्याच्या नावापुढे शून्य.

कबड्डीत असंच होतं. कोपऱ्यातल्या रक्षकाची पकड नोंदली जाते, पण त्याच्या धाकाने चढाईपटू त्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाही, तर ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

कॉलेज फुटबॉलमध्ये बचावाचे वैयक्तिक आकडे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था, अधिकृतपणे ठेवू लागली तीच मुळी २००० सालापासून. त्याआधीच्या पिढ्यांचे टॅकल आणि सॅक विद्यापीठांच्या आपापल्या वह्यांत आहेत. आजही सामन्याची नोंद यजमान विद्यापीठाची माणसं करतात. ढिगाऱ्यातून कोणी पाडलं, एकट्याने की दोघांनी, हा निवाडा त्यांच्या डोळ्यांचा. त्यामुळे दोन विद्यापीठांतल्या खेळाडूंच्या नुसत्या टॅकलसंख्येची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

त्यातल्या त्यात विश्वासाचा आकडा म्हणजे ‘टॅकल फॉर लॉस’. प्रयत्न जिथून सुरू झाला त्या रेषेच्या मागेच चेंडूवाल्याला पाडणं. सॅक हा त्याचाच एक प्रकार: पास फेकायला मागे गेलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू सुटण्याआधी रेषेमागे पाडणं. दोघांनी मिळून केलं तर प्रत्येकाला अर्धा, म्हणून आकड्यात ‘साडे’ दिसतात. आणखी एक बारकावा. कॉलेजात सॅकमुळे गेलेले यार्ड आक्रमणाच्या धावण्याच्या यार्डांतून वजा होतात, व्यावसायिक लीगमध्ये पासच्या यार्डांतून. कॉलेजातल्या एखाद्या संघाने धावून उणे यार्ड काढलेले दिसले, तर गडबडू नका. त्यांच्या क्वार्टरबॅकला बहुधा चारपाचदा लोळवलेलं असतं.

आता डोनाल्डची चार वर्षं बघू. २०१०मध्ये तो राखीव गडी होता: ११ टॅकल, ३ रेषेमागे, २ सॅक. २०११मध्ये ४७ टॅकल, १६ रेषेमागे, ११ सॅक. २०१२मध्ये ६४ टॅकल, १८.५ रेषेमागे, पण सॅक ५.५. आणि २०१३मध्ये ५९ टॅकल, २८.५ रेषेमागे, ११ सॅक, शिवाय ४ वेळा समोरच्याच्या हातून चेंडू पाडवला. एकूण १८१ टॅकल, ६६ रेषेमागे, २९.५ सॅक.

२०१२कडे थांबून बघा. ज्याला फक्त सॅक मोजायची सवय आहे तो म्हणेल, पोरगा घसरला. अकरावरून साडेपाचवर आला. पण त्याच वर्षी रेषेमागचे टॅकल वाढले आणि एकूण टॅकल तर सतरांनी वाढले. सॅक होण्यासाठी समोरच्याने पास खेळायला हवा, तोही चेंडू हातात धरून ठेवून. त्याने लवकर चेंडू सोडला किंवा धावण्यावर भर दिला, तर सॅकची संधीच येत नाही. एका वर्षाचे सॅक हा निसटता आकडा आहे. रेषेमागचे टॅकल जास्त खरं सांगतात, कारण त्यांत धाव आणि पास दोन्ही येतात. २०१३चे २८.५ म्हणजे १३ सामन्यांत दर सामन्याला दोनाहून जास्त वेळा आक्रमणाला मागे ढकलणं, तेही आतल्या जागेवरून, जिथे गर्दी सर्वात दाट. बाहेरून धावत येणाऱ्या एंडने असं केलं तर कौतुक. आतल्या गड्याने केलं, तर मी त्याला त्या दशकातली अव्वल कामगिरी म्हणेन.

अटलांटातला शनिवार

२ नोव्हेंबर २०१३ला पिटचा सामना जॉर्जिया टेकशी अटलांटात झाला. जॉर्जिया टेक तेव्हा ‘ट्रिपल ऑप्शन’ खेळायचा. या पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू घेऊन आपल्या मागून धावत येणाऱ्या गड्याच्या पोटाशी धरतो आणि त्या अर्ध्या क्षणात बचावातल्या एका माणसाकडे बघून ठरवतो: द्यायचा, की काढून घेऊन स्वतः पळायचं, की बाहेरच्या तिसऱ्याकडे टाकायचा. बचावपटूने काहीही केलं तरी क्वार्टरबॅककडे उत्तर असतं. शिवाय हा संघ कट ब्लॉक करण्यात पटाईत, म्हणजे बचाव फळीतल्या गड्याच्या गुडघ्यांवर खालून झेप. त्यावर उपाय एकच: दोन्ही हातांनी त्याचं हेल्मेट आणि खांदा खाली दाबायचा, पाय मागे फेकायचे आणि लगेच पुन्हा उभं राहायचं. हात खाली जायला उशीर झाला की गुडघा जातो, आणि कधी कधी हंगामही.

डोनाल्डने त्या दिवशी ११ टॅकल केले, त्यातले ६ रेषेमागे. शिवाय एक सॅक आणि दोनदा चेंडू पाडवला. एका प्रयत्नात क्वार्टरबॅकने चेंडू मागच्या गड्याच्या पोटाशी धरलेला असतानाच तो ‘बी’ फटीतून आत घुसला आणि दोघांनाही एकाच मिठीत खाली घेतलं. ऑप्शन चालतो तो क्वार्टरबॅकला बघायला आणि ठरवायला वेळ मिळतो म्हणून. बघण्याआधीच बचावपटू दोघांवर येऊन पडला, तर निवड करायला काही उरतच नाही. पहिलं पाऊल म्हणजे काय, हे शिकवायला मी हीच एक चित्रफीत दाखवेन.

सामना मात्र पिट २१-१०ने हरलं.

आतला एक गडी कितीही भारी असला तरी त्याची पोच मर्यादित असते, हे त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात दिसलं होतं. २ सप्टेंबरला फ्लोरिडा स्टेटचा संघ पिट्सबर्गला आला. त्यांचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन कॉलेजचा पहिलाच सामना खेळत होता. त्याने २७पैकी २५ पास पूर्ण केले, त्यांतल्या चारांवर टचडाउन झाले, म्हणजे चेंडू थेट एंड झोनमध्ये पोहोचला, आणि फ्लोरिडा स्टेट ४१-१३ने जिंकलं. त्याच हंगामाची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, विन्स्टनने जिंकली. समोरचे झेलणारे मोकळे सुटत असतील आणि क्वार्टरबॅक चटकन चेंडू सोडत असेल, तर फळीतला गडी जिंकूनही उशिरा पोहोचतो. मागच्या थराने दोन सेकंद जास्त झाकून धरलं तरच पुढच्याला सॅक मिळतो. पुढची फळी आणि मागचा थर एकमेकांवर असे अवलंबून असतात, हे आकडेवारीत कधीच दिसत नाही.

पिटने तो हंगाम सात विजय आणि सहा पराभवांनी संपवला, शेवटचा विजय ‘बोल’ सामन्यात, म्हणजे हंगामाअखेरच्या खास सामन्यात, बोलिंग ग्रीन विद्यापीठावर ३०-२७. अशा मध्यम संघात खेळूनही डोनाल्डने त्या वर्षी बचावपटूंचे आणि फळीतल्या गड्यांचे चार मोठे मान मिळवले: नागुर्स्की, बेडनारिक, आउटलंड आणि लोम्बार्डी. पहिले दोन सर्वोत्तम बचावपटूसाठी, आउटलंड फळीतल्या आतल्या गड्यासाठी. हाइझमन मात्र जवळजवळ नेहमी चेंडू हाताळणाऱ्यालाच जाते. बचावपटू म्हणून ओळखला जाणारा एकच जण ती जिंकला, मिशिगनचा चार्ल्स वुडसन, १९९७मध्ये, आणि तोही पंट, म्हणजे समोरच्याने लाथेने लांब उडवलेला चेंडू, झेलून परत घेऊन पळायचा, अधूनमधून पास झेलायचा. २०२४चा विजेता ट्रॅव्हिस हंटर तर दोन्ही बाजूंनी पूर्ण वेळ खेळायचा. पिटच्याच ह्यू ग्रीनने १९८०मध्ये निव्वळ डिफेन्सिव्ह एंड म्हणून दुसरा क्रमांक मिळवला होता, आणि हा प्रकार किती दुर्मीळ आहे हे लक्षात घेतलं तर तो दुसरा क्रमांक पुष्कळ पहिल्या क्रमांकांहून मोठा वाटतो.

चार वर्षांचा कायदा

कॉलेजातल्या खेळाडूला खेळायला चार हंगाम मिळतात, ते पाच वर्षांच्या आत संपवायचे. पाचवं वर्ष असतं ‘रेडशर्ट’साठी: पहिल्या वर्षी सराव करायचा, सामने खेळायचे नाहीत, आणि तो हंगाम वाचवून ठेवायचा. फळीतल्या पोरांना हे वर्ष फार उपयोगी, कारण अठराव्या वर्षी त्यांचं शरीर बावीस वर्षांच्या गार्डसमोर टिकत नाही. डोनाल्डच्या काळी एका सामन्यात एक प्रयत्न जरी खेळला तरी तो हंगाम खर्ची पडायचा, अपवाद दुखापतीचा. २०१८पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम वाचवता येतो. डोनाल्ड पहिल्याच वर्षी राखीव म्हणून उतरला, म्हणून त्याची कारकीर्द सरळ चार वर्षांत संपली.

शाळेत त्याला भरती करणाऱ्यांच्या यादीत तीन तारे होते. पाच तारे म्हणजे देशातले मोजके. पिटशिवाय ॲक्रन, टोलेडो आणि रटगर्सकडून त्याला शिष्यवृत्ती देऊ केली गेली. नावाजलेल्या बड्या विद्यापीठांनी रांग लावली नव्हती. तारे देणारे वजन, उंची आणि हातांची लांबी बघतात, कारण तेवढंच मोजता येतं.

त्याला घेतलं डेव्ह वॉनस्टेट यांनी. २०११मध्ये टॉड ग्रॅहम आले, २०१२मध्ये पॉल क्रिस्ट. तीन वर्षांत तीन मुख्य प्रशिक्षक म्हणजे फळीतल्या पोरासाठी तीनदा नवी भाषा. तीच फट, तोच पवित्रा, पण हाका वेगळ्या. एका पद्धतीत ‘फट भेदून आत घुस’, दुसरीत ‘गार्डला धरून दोन्ही फटी सांभाळ’. अशा वेळी चुकतो तो बहुधा ताकदीने कमी पडलेला नसतो. त्याला हाक समजायला अर्धा क्षण उशीर होतो आणि पहिलं पाऊल जातं.

आजचा खेळाडू अशा वेळी थांबेलच असं नाही. ऑक्टोबर २०१८पासून ‘ट्रान्सफर पोर्टल’ आहे. नाव नोंदवलं की दुसरी विद्यापीठं संपर्क करू शकतात. पूर्वी या पातळीवर विद्यापीठ बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. पैशाचंही तसंच. डोनाल्डच्या वेळी शिष्यवृत्तीत शिकवणीचं शुल्क, राहणं, जेवण आणि पुस्तकं एवढंच यायचं. १ जुलै २०२१पासून खेळाडू आपल्या नावावर आणि प्रसिद्धीवर कमाई करू शकतात, आणि २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना उत्पन्नातला वाटा थेट देऊ लागली. संघात शिष्यवृत्तीधारकांची ८५ची मर्यादा होती, त्या जागी आता एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली आहे. माझ्या मते हा पैसा न्याय्य आहे, आणि तो आधीच मिळायला हवा होता. गुडघ्यांवर कट ब्लॉक घेणाऱ्याला दुखापतीनंतर आयुष्यभर पुरेल असं त्या काळी कुणी काही देत नव्हतं.

सरावालाही मर्यादा आहे: हंगामात आठवड्याला २० तास, त्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि सामन्याचा दिवस किती का लांबेना, तीनच तास धरतात. स्वतःहून चित्रफिती बघण्यात घालवलेला वेळ या मोजणीत येत नाही. चांगल्या डिफेन्सिव्ह टॅकलचा पुष्कळ अभ्यास तिथेच होतो. गार्डच्या टेकलेल्या हाताची नखं पांढरी दिसली तर भार पुढे आहे, धाव येणार; हात हलका टेकलेला असेल तर तो मागे सरकून पाससाठी उभा राहणार. असल्या खुणा आठवडाभर शोधायच्या आणि शनिवारी दोन-तीनदा वापरायच्या.

मोजपट्टी

शाळा संपून तीन वर्षं झाल्यावर एनएफएलच्या निवडीत उतरता येतं, जिथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात. डोनाल्ड २०१२नंतरच जाऊ शकला असता. तो चौथ्या वर्षासाठी थांबला, आणि ते वर्ष होतं २८.५चं.

फेब्रुवारी २०१४मध्ये इंडियानापोलिसला ‘कंबाइन’ झालं, जिथे संघ खेळाडूंची मोजमापं घेतात. २२५ पौंड, म्हणजे १०२ किलोंचा बार त्याने ३५ वेळा उचलला. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, ४.६८ सेकंदांत पळाला; त्या वर्षीच्या डिफेन्सिव्ह टॅकलमध्ये हे सर्वात जलद. तरीही उंचीचा रकाना होताच. आतल्या गड्याने सामन्यात ४० यार्ड सरळ पळण्याची वेळ क्वचितच येते. त्याच्यासाठी पहिले दहा यार्ड आणि वळताना न मोडणारा वेग महत्त्वाचा, आणि सामन्यांच्या चित्रफितींत ते चार वर्षांपासून दिसत होतं.

मे महिन्यात न्यूयॉर्कला निवड झाली. पहिला गेला साउथ कॅरोलायनाचा डिफेन्सिव्ह एंड जेडेव्हियन क्लाउनी. २०१२मध्ये १३ सॅक करणाऱ्या क्लाउनीचे २०१३चे सॅक फक्त ३ होते. संघांनी त्याला तरीही पहिला उचलला, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही; समोरचे संघ त्याच्या बाजूने खेळच टाळत होते, हे चित्रफितींत दिसत होतं. म्हणजे आकड्यांच्या पलीकडे बघायची जाण त्या लोकांना होती. फक्त ती साडेसहा फुटांच्या आसपासच्या माणसासाठी लगेच वापरली गेली आणि सहा फुटांच्या माणसासाठी बारा नावं उलटून गेल्यावर.

तेराव्या क्रमांकावर सेंट लुईस रॅम्सने डोनाल्डचं नाव घेतलं. त्याच संघाने त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर आक्रमणाच्या फळीतला एक टॅकल घेतला होता. डोनाल्ड त्यांची त्या फेरीतली दुसरी निवड. पहिल्या हंगामात त्याने ९ सॅक केले आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरून, त्याच आखूड पहिल्या पावलाने.